वजनकाटा कोठे ठेवावा?

दुकानातील तराजू गिऱ्हाइकाला दिसेल असा ठेवावा, ही पेढीवर बसणाऱ्याला मिळणारी पहिली शिकवण. काटा स्थिर झाल्याखेरीज माल पिशवीत पडत नाही. हल्लीच्या इलेक्ट्रॉनिक काट्यांना तर गिऱ्हाइकाच्या बाजूनेही आकडा दिसण्याची सोय असते. वजन उघड्यावर व्हावे आणि चारचौघांनी ते पाहावे, यातच व्यवहाराची सचोटी आहे. हा नियम व्यापारी घरांच्या इतका अंगवळणी पडलेला असतो की, उघड्यावरचा काटा एखाद्याच्या मनाला टोचत असेल, ही शंकाही सहसा येत नाही.

लंडनच्या उत्तरेस ल्यूटन नावाचे शहर आहे. तेथील ल्यूटन अँड डन्स्टेबल रुग्णालयात 2005 च्या सुमारास एक प्रयोग झाला. तोंड, घसा आणि मान यांच्या कर्करोगाचे रुग्ण बाह्यरुग्ण विभागात तपासणीला येत. या रोगात, आणि त्याच्या उपचारांतही, गिळणे अवघड होते; अन्न कमी जाते आणि शरीर झडू लागते. म्हणून प्रत्येक भेटीत वजन घेणे वैद्यकीय दृष्ट्या अत्यंत आवश्यक. तो काटा उघड्या जागेत, इतरांच्या नजरेसमोर होता. कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने ती सोयीची जागा होती. येता-जाता वजन होई. रुग्णाच्या दृष्टीने मात्र तो आकडा म्हणजे रोग कोठवर आला याची जाहीर घोषणा होती. गेल्या वेळेपेक्षा आणखी दोन किलो उतरल्याचे अनोळखी लोकांसमोर कळावे, हे कोणाला रुचेल? रुग्णांनी हे बोलून दाखविल्यावर काटा आडोशाला हलविण्यात आला. त्यासाठी नवे यंत्र लागले नाही की इमारतीचा मजला वाढवावा लागला नाही.

प्रश्न असा की, हे आधी कोणाला का कळले नाही? तेथील डॉक्टर आणि परिचारिका निष्काळजी नव्हत्या. रोज त्याच काट्याजवळून जाणाऱ्या कर्मचाऱ्यांना तो काटा दिसेनासा झाला होता, इतकेच. शिवाय समाधान-असमाधानाच्या छापील प्रश्नावलीत ‘काट्याची जागा’ असा रकाना नसतो. विचारणाऱ्याला जे आधीच ठाऊक आहे, तेवढेच प्रश्नावलीत विचारले जाते. सूचनापेटीची गतही फारशी निराळी नाही. बँकांच्या शाखांमधून भिंतीवर टांगलेली ती लाकडी पेटी अनेकांनी पाहिली असेल. तिची किल्ली कोणाकडे आहे, हे बहुधा शाखाधिकाऱ्यालाही आठवत नसते.

ल्यूटनमध्ये वापरलेली पद्धत म्हणून समजून घेण्यासारखी आहे. पॉल बेट आणि ग्लेन रॉबर्ट या अभ्यासकांनी ती आकाराला आणली. मराठीत तिला ‘अनुभवावर आधारित सहआखणी’ म्हणता येईल. प्रथम रुग्ण आणि त्यांची शुश्रूषा करणारी घरची माणसे यांना आपली हकीकत सुरुवातीपासून सांगू द्यायची. मत विचारायचे नाही, ‘काय घडले’ ते विचारायचे. या मुलाखती चित्रित करून त्यांचा छोटा चित्रपट केला जातो. कर्मचाऱ्यांच्याही मुलाखती वेगळ्या घेतल्या जातात, कारण त्यांच्याही अडचणी असतात. पुढे रुग्ण आणि कर्मचारी एकत्र बसून तो चित्रपट पाहतात आणि कोठे काय सुधारायचे हे मिळून ठरवितात. शेवटी दोन्ही बाजूंची माणसे असलेले लहान लहान गट एकेक काम हाती घेऊन तडीस नेतात. तक्रार करणारा आणि उत्तर देणारा असे समोरासमोरचे दोन पक्ष या पद्धतीत राहत नाहीत. दोघेही एकाच कागदावर आखणी करीत असतात. बेट आणि रॉबर्ट यांनी 2007 मध्ये या विषयावर ग्रंथ लिहिला आणि पुढे अनेक देशांतील रुग्णालयांनी ही पद्धत आपापल्या परीने उचलली.

याच इंग्लंडमध्ये रुग्णांचा आवाज ऐकण्यासाठी सरकारी व्यवस्था मात्र जुनीच होती. 1974 मध्ये स्थानिक आरोग्य परिषदा स्थापन झाल्या. 2003 मध्ये त्या मोडून रुग्णांचे मंच आले. 2008 मध्ये त्यांच्या जागी आणखी एक रचना आली आणि 2013 पासून ‘हेल्थवॉच’. चाळीस वर्षांत चार पाट्या बदलल्या. पाटी बदलण्यास वटहुकूम पुरतो, काटा हलविण्यास मात्र रुग्णाशेजारी बसून ऐकावे लागते, असाच या इतिहासाचा अर्थ लावता येतो.

ल्यूटनमध्ये रुग्णालयाने रुग्णांना बोलावले होते. आपल्या देशात, केरळात, याच्याही पुढची गोष्ट घडली. तेथे शुश्रूषा करणारी माणसे आणि शेजारीपाजारी स्वतःच पुढे आले आणि त्यांनी सेवेचे स्वरूपच बदलून टाकले.

कोझिकोडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात 1993 मध्ये वेदनामुक्ती आणि परिहारक शुश्रूषेसाठी एक संस्था सुरू झाली. पॅलिएटिव्ह केअर म्हणजेच परिहारक शुश्रूषा. रोग बरा होण्यापलीकडे गेला तरी वेदना, जखमा, श्वासाचा त्रास आणि मनाची तगमग कमी करण्याचे काम संपत नाही. ते काम म्हणजे ही शुश्रूषा. डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार ही या कार्यातील दोन प्रमुख नावे. सुरुवात साध्या बाह्यरुग्ण विभागानेच झाली. परंतु अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला गाडीत घालून पन्नास-साठ किलोमीटरवरून आणायचे, रांगेत बसवायचे आणि परत न्यायचे, हाच एक छळ होता. गाडीभाड्याचा खर्च आणि घरच्या माणसाचा बुडालेला रोजगार निराळाच. असे रुग्ण एकदा येत आणि पुन्हा दिसत नसत. औषध उत्तम होते, ते देणारे हात कुशल होते; तरीही ज्याला ते हवे होते तो घरी कण्हत पडलेला असे.

मग सेवाच घराकडे वळली. 2001 च्या सुमारास मलप्पुरम आणि आसपासच्या भागांत ‘शेजारधर्माचे जाळे’ म्हणता येईल अशी रचना उभी राहिली. आठवड्यातून किमान दोन तास देऊ शकणाऱ्या कोणाही व्यक्तीला तीत प्रवेश होता. सोळा तासांचे वर्ग आणि प्रत्यक्ष रुग्णांच्या घरी चार दिवस, एवढे प्रशिक्षण. ते घेतलेली दहा-पंधरा माणसे आपल्या गावापुरता एक गट करीत. परिचारिका आणि डॉक्टर त्यांच्या मदतीला असत. पण कोणाच्या घरी जायचे, काय कमी पडते आणि पैसा कशावर खर्चायचा, हे गट ठरवी. शिक्षक, दुकानदार, विद्यार्थी, गृहिणी, निवृत्त माणसे अशी ही मंडळी. स्वतःच्या घरात दीर्घ आजारपण पाहिलेली कित्येक माणसे त्यांत होती. बिछान्यातल्या माणसाला कूस कशी बदलावी हे ज्याने वर्षभर केले आहे, त्याला ते पुस्तकातून शिकवावे लागत नाही.

निर्णय शेजाऱ्यांच्या हाती गेल्यावर काय बदलले? डॉक्टरांच्या यादीत वेदना, उलटी, शय्याव्रण अशा नोंदी असत. शेजाऱ्यांच्या यादीत आणखी नोंदी आल्या: घरात तांदूळ नाही, मुलीची शाळा सुटली, कमावता माणूसच पडून आहे. वेदनेवरची गोळी वेळेवर मिळाली आणि चूल पेटली नाही, तर त्या घराला त्या गोळीचा उपयोग किती? म्हणून धान्य, मुलांचे शिक्षण आणि रुग्णालयात जाण्याचे भाडे हेही या सेवेचे भाग झाले. दुसरा बदल याहून मोठा होता. मूळ सेवा मुख्यतः कर्करोगाच्या रुग्णांसाठी होती. गटातील माणसे गल्लीत फिरू लागली, तेव्हा पाठीच्या कण्याला इजा होऊन वर्षानुवर्षे पडून असलेले तरुण त्यांना दिसले, पक्षाघाताचे रुग्ण दिसले, एकटे पडलेले वृद्ध आणि मनोरुग्ण दिसले. ‘यांच्याकडे कोणी का जायचे नाही?’ या प्रश्नाला वैद्यकीय व्याख्या दाखवून गप्प बसविणे शक्य नव्हते. सेवेची व्याप्ती वाढली.

पैशाची बाजू व्यापारी कुटुंबांना विशेष लक्षणीय वाटेल. या गटांचा बराचसा निधी लहान लहान रकमांतून उभा राहिला. दुकानांच्या गल्ल्याशेजारी डबे ठेवले गेले, शाळांतील मुलांनी खाऊचे पैसे दिले. एका मोठ्या देणगीदाराने इमारत बांधून दिली तर तिचा उपयोग कसा व्हावा, हे नकळत त्याच्याच मनाप्रमाणे ठरते. हजार घरांचे दहा-दहा रुपये आले की हजार घरे हिशेब विचारू लागतात. मोठी देणगी कमी प्रतीची असते असा याचा अर्थ मुळीच नव्हे. परंतु मोठ्या देणगीबरोबर निर्णयाचा अधिकारही एका हाती जातो, एवढे भान देणाऱ्याने ठेवलेले बरे.

केरळ सरकारने 2008 मध्ये परिहारक शुश्रूषेचे धोरण जाहीर केले आणि स्थानिक स्वराज्य संस्थांवर तिची जबाबदारी सोपविली. 2010 मध्ये ‘इकॉनॉमिस्ट’ समूहाच्या संशोधन विभागाने अखेरच्या काळातील शुश्रूषेसंबंधी 40 देशांची क्रमवारी लावली, तीत भारत शेवटचा होता. त्याच अहवालात केरळचा उल्लेख अपवाद म्हणून आला. देशाच्या लोकसंख्येपैकी अवघी 3 टक्के ज्या राज्यात, तेथे देशातील दोनतृतीयांश परिहारक सेवा, असे त्यात नमूद होते. केरळात साक्षरता अधिक, पंचायती सबळ आणि सार्वजनिक कामाची सवय जुनी, हे मान्य केलेच पाहिजे. तेथले रोप उचलून येथे लावले की तसेच वाढेल, असे कोणी समजू नये.

तथापि महाराष्ट्राची पाटीही कोरी नाही. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान 2005 मध्ये सुरू झाले आणि त्यात गावकऱ्यांनी आरोग्यसेवेवर देखरेख ठेवावी, अशी तरतूद होती. 2007 मध्ये नऊ राज्यांत हा उपक्रम प्रायोगिक पातळीवर निघाला. महाराष्ट्रात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), पुणे आणि ठाणे हे पाच जिल्हे निवडले गेले. पुण्याची ‘साथी’ ही संस्था राज्य पातळीवर समन्वय करीत होती. उपक्रमाला ‘लोकाधारित देखरेख व नियोजन’ असे नाव मिळाले.

गावातील समिती घरोघरी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारपूस करी आणि प्रत्येक सेवेला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग देई. लिहितावाचता न येणाऱ्या बाईलाही तो तक्ता वाचता येई. नंतर जनसुनवाई होई. लोक समोर उभे राहून सांगत आणि अधिकाऱ्यांना तेथेच उत्तर द्यावे लागे. केंद्रात औषध असायला हवे असताना बाहेरून आणण्याची चिठ्ठी का मिळते, मोफत सेवेसाठी पैसे का मागितले जातात, डॉक्टर मुक्कामी का नसतात, असे ते प्रश्न असत. पहिल्या फेरीत गावकऱ्यांनी 48 टक्के सेवांना ‘चांगली’ असा शेरा दिला होता. दुसऱ्या फेरीत हे प्रमाण 61 आणि तिसऱ्या फेरीत 66 टक्क्यांवर गेले. हे आकडे गावकऱ्यांनीच दिलेल्या शेऱ्यांचे आहेत, त्रयस्थ तपासनिसाचे नव्हेत, ही मर्यादा लक्षात घ्यावी. तरीही ज्याच्यासाठी सेवा आहे त्याचाच शेरा बिनमोलाचा ठरविणे, हेही हिशेबाला धरून नाही. पुढे हा उपक्रम तेरा जिल्ह्यांपर्यंत गेला.

जनसुनवाईत प्रारंभी कर्मचारी दुखावले जात आणि ते अगदीच अकारण नव्हते. औषधांचा पुरवठाच जिल्ह्याहून झालेला नसेल, तर केंद्रातील परिचारिकेने उभे राहून लाजायचे का? परंतु हीच अडचण चारचौघांत मांडली गेल्यावर तिचा पाठपुरावा करायला गावही तिच्या बाजूला आले, असे अनुभव कार्यकर्त्यांनी नोंदविले आहेत. उपक्रमाच्या नावातील ‘नियोजन’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. रुग्ण कल्याण समितीकडे येणारा निधी कशावर खर्चावा, हे ठरविताना लोकांच्या सूचना मागविणे, हा त्याचाच भाग. देखरेख म्हणजे झालेल्या चुकीची नोंद; नियोजन म्हणजे पुढच्या वर्षाच्या खर्चाच्या पानावर रुग्णाचाही हात. दुसऱ्या गोष्टीला व्यवस्था अधिक बिचकते, कारण तेथे पैसा असतो.

आता विश्वस्त संस्थांच्या रुग्णालयांचा विचार केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. व्यापारी समाजांनी चालविलेले धर्मादाय दवाखाने, डायलिसिस केंद्रे, नेत्र रुग्णालये यांनी गावोगाव अनेकांना आधार दिला आहे. त्यांची सभा कशी भरते? विश्वस्त असतात, वैद्यकीय अधीक्षक असतात, सनदी लेखापाल असतात. कोणते यंत्र घ्यावे, दर किती असावेत, वेळा कोणत्या, यावर चर्चा होते. त्या मेजाभोवतीच्या बहुतेकांनी रुग्णाशेजारच्या लोखंडी स्टुलावर सलग तीन रात्री काढलेल्या नसतात. काढल्या असल्या तरी बहुधा स्वतंत्र खोलीत.

उदाहरण म्हणून निर्धन रुग्णांच्या योजनेकडे पाहता येईल. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41 क-क अन्वये मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये योजना मंजूर केली. तिच्याप्रमाणे धर्मादाय रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या, तसेच देयकांच्या एकूण रकमेच्या 2 टक्के निर्धन रुग्ण निधीत जमा करायचे. कागदावर ही तरतूद चोख आहे आणि कित्येक संस्था ती निष्ठेने पाळतातही. पण रात्री अकरा वाजता वडिलांना घेऊन आलेल्या मुलाला ही योजना कोणी सांगते का? उत्पन्नाचा दाखला नि शिधापत्रिका तालुक्याच्या गावी राहिली असेल, तर तो काय करतो? समाजसेवा अधीक्षकांची खोली कोणत्या वेळी उघडी असते? लेखापरीक्षणात निधीचा जमाखर्च जुळतो. हे प्रश्न त्यात उमटत नाहीत. त्यांची उत्तरे त्या मुलाकडेच असतात आणि त्याला ती विचारण्यास कसलाही खर्च येत नाही.

विचारायचे कसे, यालाही रीत आहे. खाटेवर पडलेल्या माणसाला विश्वस्तांनी फेरी मारून ‘सर्व ठीक ना?’ म्हटले तर तो ‘ठीक आहे, शेठजी’ असेच म्हणणार. त्याचे औषधपाणी त्यांच्याच हाती आहे. म्हणून घरी गेल्यावर, महिना-दोन महिन्यांनी, दहा-बारा माणसांना बोलवावे. त्यात रुग्ण असावेत, तशीच त्यांची उस्तवार करणारी सून, बहीण किंवा मुलगाही असावा, कारण रुग्णाच्या गरजा आणि त्यांच्या गरजा एकच नसतात. सभा रोजगार बुडणार नाही अशा वेळी असावी आणि येण्याजाण्याचे भाडे आपणहून द्यावे. मेजाच्या एका बाजूला पदाधिकारी आणि दुसऱ्या बाजूला रुग्ण अशी बैठक टाळावी. पहिला तास विश्वस्तांनी केवळ ऐकावे. समर्थन करू नये. हे शेवटचे सर्वांत अवघड, कारण स्वतः उभारलेल्या संस्थेविषयी उणे ऐकून गप्प बसणे हे मोठी रक्कम देण्याहून कठीण असते.

अशा सभांत यंत्रांविषयी फारसे कोणी बोलत नाही. रात्री डबा गरम कोठे करायचा, बाईमाणसाने अंघोळीला कोठे जायचे, डॉक्टर सकाळी नेमके केव्हा येतात म्हणजे त्या वेळी घरचे कोणी जवळ थांबेल, घरी गेल्यावर नळी बंद पडली तर कोणाला फोन करायचा, अशा गोष्टी निघतात. डायलिसिससाठी आठवड्यातून तीन वेळा येणाऱ्या रुग्णाची पाळी गावाकडच्या शेवटच्या एस.टी.नंतर संपत असेल, तर यंत्र कितीही उत्तम असो, त्या घराचा दिवस मोडतो. पाळ्यांचा तक्ता बदलणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे.

त्यानंतर काय, हा खरा मुद्दा. बँकेत तपासणी अधिकारी शेरे लिहून गेला की, शाखेला ठराविक मुदतीत अनुपालन अहवाल पाठवावा लागतो: कोणता शेरा दूर केला, कोणता नाही, आणि नाही तर का नाही. रुग्णांच्या सभेलाही तोच नियम लावता येईल. मागच्या सभेत आलेल्या सूचनांची यादी पुढच्या सभेच्या प्रारंभी वाचावी. ‘अंघोळीची सोय: केली. डबा गरम करण्याची जागा: पुढील महिन्यात. डायलिसिसची सकाळची जादा पाळी: तंत्रज्ञ मिळत नाही, शोध चालू.’ ही यादी प्रवेशद्वारापाशी, देणगीदारांच्या फलकाशेजारी लावण्यास फारशी जागा लागत नाही.